सूनबाईचं धुकं

दिग्दर्शकाला धुकं हवं होतं, आणि ते संध्याकाळच्या आत हवं होतं.

नाटकाचा पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी होता. रंगमंचाच्या मागे सोडायचा पडदा कापडावर छापून घ्यायचा होता. चित्रात एक पूल, पुलावर दिव्याचा खांब आणि बाकी सगळं धुक्यात बुडालेलं. पूल तयार होता, खांब तयार होता. धुकं मात्र दिग्दर्शकाच्या डोक्यात होतं आणि तिथून बाहेर यायला तयार नव्हतं. सकाळी त्याला मोबाईलवर नमुना पाठवला, तर "हे धुकं नाही, कुणाच्या तरी घराला आग लागलीय" असा निरोप आला. दुपारी तो स्वतःच दुकानात येऊन थडकला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एकेकाळी तिथे आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. आता आप्पा नुसते मालक होते आणि त्यांची सून तिथे कॉम्प्युटरवर पाट्या, पोस्टरं, पडदे करून देत असे. आप्पा तिला सूनबाई म्हणत म्हणून गिऱ्हाइकंही सूनबाईच म्हणत. त्यामुळे निम्म्या गावाची सून असण्याची जबाबदारी तिच्यावर होती.

"बसा," आप्पा म्हणाले. दिग्दर्शक खुर्चीत बसला आणि खुर्ची किंचाळली.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. खुर्चीवर अजून दुकानातलं प्लॅस्टिक होतं. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही हा आप्पांचा नियम होता आणि आप्पांच्या मते वस्तू मोडेपर्यंत नवी असे. त्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत राही, फ्रिजच्या दारावरची फिल्म कडेने सोलपटून लोंबत असे, आणि उन्हाळ्यात सोफ्यावरून उठणारा पाहुणा आपली थोडी कातडी सोफ्यालाच देऊन जाई. कॉम्प्युटरच्या डब्यालाही आप्पांनी स्वतः शिवलेली खोळ होती. काम सुरू झालं की खोळ काढायची आणि काम संपलं की घालायची, आणि ती काढण्याघालण्याचा मान आप्पांचा.

"मोबाईलवर दाखवू नका मला," दिग्दर्शक म्हणाला. "छोटं धुकं सगळ्यांनाच जमतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल ते दाखवा. पूर्ण आकारात."

सूनबाईचा हात माऊसवर थबकला. "सर, आधी छोट्या कॉपीवर बघू या का? पसंत पडलं की मग मोठ्यावर..."

"अगं, छोट्यावर कशाला?" आप्पा मध्येच म्हणाले. "दाखव की खरं. साहेब, आमच्या सूनबाईच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे. बटण दाबलं की झालं. बघाच तुम्ही." आणि त्यांनी आपली खुर्ची ओढून दिग्दर्शकाच्या शेजारी लावली. तीही किंचाळली.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी त्या खोलीत फक्त सूनबाईला ठाऊक होती. बटण दाबलं की होत नव्हतं. कधीच झालं नव्हतं.

मोठ्या चित्रावर धुक्याचा फिल्टर लावला की खाली एक निळी पट्टी येई आणि गोगलगाईला लाज वाटेल अशा बेताने पुढे सरके. याच पट्टीला कंटाळून सूनबाईने घरात विषय काढला होता, की ग्राफिक्स कार्ड घेतलं तर हे सगळं चुटकीसरशी होईल. असल्या कामासाठीच ते असतं. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी काचेच्या कपाटातला आपला कॅमेरा काढून विकून टाकला. ज्या कॅमेऱ्यावर त्यांचं घर उभं राहिलं, मुलगा शिकला, लग्न झालं, तो कॅमेरा. "आता कपाटात बसून काय करतोय तो?" एवढंच म्हणाले. कार्ड आलं. बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून आप्पांनी ते बसवून घेतलं. उद्घाटन म्हणून सूनबाईने नातवाच्या एका छोट्या फोटोवर फिल्टर लावला. तो तर जुन्या मशीनवरही पटकन लागत असे. पण आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

मोठं चित्र तिने आप्पा झोपल्यावर उघडलं. निळी पट्टी आली, आणि पूर्वीच्याच चालीने निघाली.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स कार्ड वापरा' असा एक चौकोन होता. त्यावर बरोबरची खूण करायला गेलं की काही होतच नसे. चौकोन फिकट, अक्षरं फिकट, सगळं आजारी माणसासारखं. तिने कार्ड बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सॉफ्टवेअर जुनं असेल. सॉफ्टवेअर नवं केलं. मग तो म्हणाला, आता सॉफ्टवेअर फारच नवं झालं असेल. आप्पांना सांगायचं म्हणून ती दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेलीही. पण वाटेत ते काचेचं कपाट होतं. आप्पा रोज त्याची काच पुसत. आत काही नव्हतं.

मग तिने दुसरी तजवीज केली. गिऱ्हाइकासमोर छोटी कॉपी दाखवायची आणि मोठं काम आप्पांच्या वामकुक्षीत उरकायचं. आप्पांची झोप आणि निळी पट्टी यांचं गणित तिने इतकं बसवलं होतं, की आप्पा कधी लवकर उठले तर ती दचकून उठे. हे सगळं तिच्या नवऱ्याला माहीत होतं आणि त्याने यावर गप्प राहण्याचं मोठंच सहकार्य दिलं होतं.

आज आप्पा झोपले नव्हते. आज आप्पा शेजारी बसून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते, लहान मूल जादूगाराच्या टोपीकडे बघतं तसे.

सूनबाईने बटण दाबलं.

निळी पट्टी आली.

"ही काय?" आप्पांनी विचारलं.

"चित्र फार मोठं आहे, आप्पा. अख्ख्या रंगमंचाएवढं."

"हां, मोठं आहे," आप्पांनी दिग्दर्शकाला समजावलं. "रंगमंचाएवढं."

"रंगमंच माझाच आहे," दिग्दर्शक म्हणाला. "मला माहीत आहे केवढा आहे ते."

पट्टी नखाएवढी वाट चालली. फोन वाजला. छपाईवाला होता. त्याचा आवाज फोनबाहेरही स्पष्ट ऐकू येत होता. "ताई, कापड मशीनवर चढवून बसलोय. तुमच्यामागे दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि ते उभं राहणाऱ्यांतलं नाही. लवकर फाईल पाठवली नाहीत तर मी त्याचं काम लावणार. मग उद्या सकाळी या."

"उद्या सकाळी मला पडदा काय पांघरायला हवाय?" दिग्दर्शक ओरडला. खुर्चीही ओरडली.

"पाठवते. आलंच," सूनबाई म्हणाली आणि फोन ठेवला. तो ठेवला न ठेवला तोच परत वाजला. या वेळी नवरा. तो नाट्यगृहात पडद्याची चौकट बांधत होता.

"काय गं, आलं का?"

"येतंय."

"आप्पा तिथेच आहेत?"

"हो ना."

"झोपले नाहीत? आजच? कळलं का त्यांना?"

"अजून नाही."

"मग धुकं सोड, नुसता पूल पाठव. लोक काय धुकं बघायला येतात का?"

"ते इथेच बसलेत माझ्या शेजारी."

"कोण, आप्पा?"

"दोघंही."

"मग मी चौकट बांधतो," नवरा घाईने म्हणाला आणि सुटला.

आप्पांना शांतता सोसत नसे. गिऱ्हाईक थांबलं की त्याला किस्सा सांगायचा ही त्यांची स्टुडिओतली जुनी सवय, आणि किस्सा ठरलेला. "साहेब, आमच्या धंद्यात एक माणूस होता. अजून आहे. आम्ही त्याला टोपी म्हणतो. का? ऐका. मोठ्या घरचं लग्न होतं. हा पठ्ठ्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोटो काढतोय. हसा म्हणतोय, मान वर करा म्हणतोय, नवरीला चार वेळा रडायला लावलं. तेव्हाच्या कॅमेऱ्याला बघायची काच वेगळी आणि फोटो घ्यायची काच वेगळी असायची. ह्याला सगळं लख्ख दिसत होतं. रात्री धुवायला घेतले, तर सगळे काळे. कारण काय, तर फोटोच्या काचेवरची टोपी काढायलाच विसरला! दिवसभर टोपी लावून फोटो!" आप्पा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "चाळीस वर्षं झाली. अजून भेटला की मी विचारतो, काय रे, टोपी काढलीस का?"

दिग्दर्शक हसला नाही. "अर्ध्यावरसुद्धा आलं नाहीये हे," तो पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला. "काय हो, बटण दाबलं की झालं ना?"

आप्पांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. सूनबाई पट्टीकडे बघत होती, आणि तिच्या मानेवरून घामाचा एक थेंब खाली उतरत होता. तो पट्टीपेक्षा पुष्कळ वेगाने चालला होता.

"सूनबाई," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "हे रोज असंच होतं का गं?"

तिने तोंड उघडलं. काय सांगणार होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, कारण त्याच क्षणी दिग्दर्शकाने वैतागून पाय पसरले, त्याचा बूट टेबलाखाली कशात तरी अडकला आणि पडदा काळा झाला.

सगळे दचकले. खुर्च्यासुद्धा.

"गेलं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"वायर निघाली असेल मॉनिटरची," सूनबाई म्हणाली. "मशीन चालू आहे, आत काम चाललंय. नुसतं दिसत नाहीये." आणि मोबाईलचा उजेड घेऊन ती टेबलाखाली शिरली.

मशीनच्या मागच्या बाजूला ती पहिल्यांदाच जात होती. तो मुलूख आप्पांचा. कार्ड बसवल्यापासून डबा भिंतीला टेकवून, खाली पुठ्ठा घालून त्यांनीच ठेवला होता आणि त्याला कुणी हलवायचं नव्हतं. तिने तो तिरका केला आणि उजेड मारला. वरच्या बाजूला माऊस आणि कीबोर्डच्या वायरी होत्या. त्यांच्या शेजारचं भोक रिकामं होतं. मॉनिटरची वायर तिथूनच निघालेली. खोचायची आणि वर यायचं, एवढंच काम होतं.

उजेड जरा खाली सरकला. तिथे एक वेगळी, आडवी, चकचकीत पट्टी होती. तिच्यावर हुबेहूब तशीच तीन भोकं. तिन्ही भोकांवर काळ्या रबरी टोप्या होत्या.

"आप्पा," टेबलाखालून आवाज आला, "खाली ह्या टोप्या कसल्या?"

"त्या असू देत," वरून आप्पा म्हणाले. "कार्डाबरोबरच आल्यात. तो बसवणारा काढायला निघाला होता, मीच नको म्हटलं. वर आहे की एक जागा रिकामी, तिथे लाव म्हटलं. उगाच नव्या वस्तूत धूळ जाते."

टेबलाखालचा उजेड टोप्यांवरून वरच्या रिकाम्या भोकाकडे गेला आणि पुन्हा टोप्यांवर आला.

कॉम्प्युटरचं फारसं ज्ञान नसलेल्यांसाठी एवढंच, की मॉनिटरची वायर ज्याच्यात खोचाल तो चित्र काढतो. वायर जुन्या भोकात होती, म्हणून सगळं जुनाच गडी करत होता. नवा पैलवान गडी मशीनमध्ये राहत होता, वीज खात होता आणि तोंडावर टोपी घालून झोपला होता. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने रोज बघितलं, की पडद्यामागे कोण आहे? रोज जुनाच दिसला. म्हणून तो चौकोन फिकट.

सूनबाई वायर हातात धरून बसली. जुन्या भोकात खोचली तर वर पट्टी जिथे होती तिथून पुढे दिसेल आणि कदाचित, छपाईवाल्याला दया आली तर, वेळेत होईल. आप्पांना पुन्हा काहीतरी सांगता येईल. नव्या भोकात खोचायची तर मशीन बंद करून सुरू करायला हवं. झालं तेवढं धुकं वाया. आणि तिचा समज चुकीचा निघाला, तर पडदाही गेला, नाटकही गेलं आणि दुकानाचं नावही. वर तिला आप्पांचे दोन पाय दिसत होते. आपण सुनेला काय विचारलं आणि तिने उत्तर दिलेलं नाही हे विसरलेले नाहीत असे पाय.

"काय झालं हो?" दिग्दर्शकाचा बूट विचारत होता.

"मशीन बंद करतेय, सर."

"काय करताय?"

"पुन्हा सुरू करते."

"आणि झालेलं?"

"गेलं."

खुर्ची अशी किंचाळली की शेजारच्या घरातून कुणीतरी "काय झालं?" असं ओरडलं. "आप्पा, तुमची सून वेडी झालीय का? तिकडे माणसं तिकिटं घेऊन..."

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "चालू आहे ते बंद कशाला करतेस?"

"आप्पा, टोपी काढतेय."

"कशाला पण?"

"काढतेय," सूनबाई म्हणाली. त्या घरात आल्यापासून आप्पांना तिने दिलेलं हे पहिलंच तोडकं उत्तर होतं.

तिने नखाने एक टोपी उचकटली, ती घट्ट होती, निघताना टुचकन वाजली. वायर खोचली. बाहेर येऊन टोपी टेबलावर ठेवली, मशीन बंद करून चालू केलं. पडदा काळाच राहिला. मग त्यावर 'वायर जोडलेली नाही' अशी पाटी आली. दिग्दर्शकाने ती मोठ्याने वाचून दाखवली. पाटी गेली. पुन्हा काळोख. फोन वाजायला लागला. छपाईवाला. कुणीच उचलला नाही.

मग चित्र उगवलं.

सूनबाईने सॉफ्टवेअर उघडलं आणि आधी सेटिंगमध्ये गेली. तो चौकोन फिकट नव्हता. काळाभोर होता, तरणाताठा. तिने खूण केली. पूल उघडला. खांब आला. फिल्टरचं बटण दाबायच्या आधी तिने पदराने तळवा पुसला.

बटण दाबलं.

पट्टी आलीच नाही. पूल होता तिथे धुकं होतं. दिव्याचा खांब तेवढा त्यातून वर आलेला, आणि दिव्याभोवती पिवळसर भिजका उजेड.

"हं, लावा आता," दिग्दर्शक म्हणाला.

"लावलं, सर."

"कधी?"

"आत्ता."

दिग्दर्शक पुढे झुकला. "छे! इतक्यात? काहीतरी राहिलंय. मघाशी एवढा वेळ लागत होता, ते नीट होत होतं. हे घाईघाईचं दिसतंय. धुकं आहे, पण ओलावा नाही. ते मघाचंच करा."

फोन पुन्हा वाजू लागला. सूनबाईने आप्पांकडे पाहिलं. आप्पांचं लक्ष नव्हतं. ते टेबलावरची ती काळी टोपी उचलून बोटांत फिरवत होते. तिला आतून बघत होते, बाहेरून बघत होते. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग काचेच्या कपाटाकडे. चाळीस वर्षं सांगितलेला किस्सा दारातून आत येऊन समोर बसावा तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी टोपी शर्टाच्या खिशात टाकली आणि उठले.

"साहेब, बरोबर आहे तुमचं," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "धुकं बसायला वेळ लागतो. फोटो धुतानाही आम्ही कधी गिऱ्हाइकाला लगेच दाखवला नाही. ओला असतो. चला, आपण कोपऱ्यावर चहा घेऊन येऊ. तोवर सूनबाई त्यात ओलावा घालते."

"पण उशीर..."

"अर्धा कप," आप्पा म्हणाले आणि दिग्दर्शकाला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. दारातून त्यांनी वळून सूनबाईकडे एक डोळा बारीक केला. स्टुडिओत हा डोळा कॅमेऱ्यामागे असे.

सूनबाईने धुक्याला हातही लावला नाही. फाईल छपाईवाल्याकडे पाठवली. तो म्हणाला, "आली. लावतोय. तुमच्यामागचा माणूस मला शिव्या देतोय, त्या तुमच्या खात्यावर." नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "धुक्यासकट? आप्पा जागे असताना?"

दिग्दर्शक आप्पांबरोबर चहा पिऊन आला, त्याने तेच चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "आता कसं!" तो म्हणाला. "बघा, आता ओलावा आला. उगाच घाई करता तुम्ही लोक." आणि नाट्यगृहाकडे पळाला.

खोलीत दोघंच उरली.

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं.

"बसवलं तेव्हापासून."

"आणि मग तू रोज..."

"तुम्ही झोपलात की लावायची."

सूनबाई म्हणाली, "मला वाटलं, माझाच अंदाज चुकला. उगाच तुमचा कॅमेरा..."

"कॅमेऱ्याचं नाव काढू नकोस," आप्पा म्हणाले. "त्याची टोपी मी कधी विसरलो नाही. पुन्हा लाव बघू ते."

तिने धुकं काढलं आणि पुन्हा लावलं. झप्.

"परत."

झप्.

"अजून एकदा. जास्त घाल."

पूल दिसेनासा झाला. आप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खिशातली टोपी चाचपली, आणि मोबाईल काढून एक नंबर लावला.

"टोपी? मी बोलतोय. नाही रे, कुणी गेलं नाही. संध्याकाळी नाटकाला ये. पडदा बघायला. आमच्याकडचा आहे. हां. आणि हे बघ, तो लग्नाचा किस्सा आहे ना तुझा, तो मी यापुढे सांगणार नाही. का म्हणजे? कंटाळा आला सांगून. हसतोयस कशाला? ठेव."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. खुर्ची किंचाळली. आप्पांनी तिच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"कात्री दे गं."

सूनबाईने दिली. आप्पांनी वाकून, जीभ बाहेर काढून, बसायच्या जागेवरचं प्लॅस्टिक नीट चौकोनी कापून काढलं. कडा सरळ झाल्या की नाहीत ते पाहिलं. मग कात्री परत दिली.

"आप्पा, पाठीवरचं?" तिने विचारलं.

"असू दे," आप्पा म्हणाले. "पाठ अजून नवी आहे."